मालकाचे कूळ

नव्वदच्या दशकात शिरूर अनंतपाळसारख्या गावांतील मुलांना व्हिडिओ गेमची ओळख झाली ती बहुधा स्वस्त नकली यंत्रांतून. मूळ यंत्र निन्टेन्डो या जपानी कंपनीचे, १९८३ चे. त्यात कुलूप नव्हते. नकला सहज झाल्या. १९८५ साली ते अमेरिकेत विकताना कंपनीने त्यात एक चिप बसविली. परवानगीवाचूनची कॅसेट ती चालू देत नसे.

खेळ रचणाऱ्याचे श्रम फुकट लाटावेत, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु हे कुलूप केवळ नक्कल अडवीत नाही. विकलेल्या वस्तूवर ते विक्रेत्याचा ताबा कायम ठेवते. २०२५ साली याच कंपनीने अमेरिकेतील ग्राहककरारात नियमभंग झाल्यास यंत्र कायमचे निकामी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

मराठवाड्याला हे नाते परिचित आहे. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण देऊन मालकीची वाट मोकळी केली. येथे उलट, पूर्ण किंमत मोजणारा मालकच कूळ ठरतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यातील २०१२ चे कलम ६५ अ कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. मात्र हेतू हक्कभंगाचा असला तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हेच मुळी सामान्यतः बेकायदा आहे. व्यापारकरारांच्या दडपणाखाली आपल्याकडील ही हेतूची अट गळू देता कामा नये. आज प्रश्न खेळण्याचा आहे. अमेरिकेतील शेतकरी तोच प्रश्न ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी लढत आहेत.