आधी आकाश पाहा, मग अभिमान बाळगा!

हा अंक हाती घेतलेल्या वाचकांपैकी बहुधा कोणालाही शुक्राचे पुढचे अधिक्रमण पाहता येणार नाही. भारतातून ते ११ डिसेंबर २११७ रोजी सकाळी दिसेल. आज पाळण्यात असलेल्या बाळालाही त्यासाठी वयाची नव्वदी ओलांडावी लागेल. आपल्या पिढीच्या वाट्याला मात्र अशी दोन अधिक्रमणे आली. पहिले ८ जून २००४ रोजी, दुसरे ६ जून २०१२ रोजी. संपूर्ण विसाव्या शतकात जे एकदाही घडले नाही, ते आठ वर्षांत दोनदा आपल्या डोक्यावरच्या आकाशात घडले. या दुर्मीळ योगाचे समाज म्हणून आपण काय केले, याचा प्रामाणिक हिशेब मांडला पाहिजे. हा हिशेब केवळ गतकाळाचा नाही. १३ नोव्हेंबर २०३२ रोजी बुधाचे अधिक्रमण भारतातून आरंभापासून अखेरपर्यंत दिसणार आहे. त्या दुपारी आपली मुले कोठे असतील, हे आपल्या आजच्या वर्तनावर ठरणार आहे.

सुमारे ५८४ दिवसांनी एकदा शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो. परंतु त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक वेळा तो सूर्यबिंबाच्या वरून वा खालून निघून जातो. तिघे नेमके एका रेषेत आले, तरच शुक्राचा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो. अशी अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शतकाहून अधिक काळ येत नाहीत. २००४ च्या आधीची जोडी १८७४ आणि १८८२ सालची होती.

अस्तातला शुक्र

२००४ साली मी एका दैनिकात वार्ताहर होतो. कला शाखेचा पदवीधर. खगोलशास्त्राशी माझा संबंध शालेय भूगोलापुरता. ८ जूनला एका शाळेच्या मैदानावर हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाने दुर्बीण लावली होती, तेथे मला धाडण्यात आले. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडलेली होती. सकाळी पावणेअकराच्या सुमारास त्या प्रतिमेच्या कडेला बारीकशी खाच पडली. ढग येत-जात होते. सूर्य झाकोळला की रांगेतून निःश्वास उमटे, उघडला की मुलांचा गलका होई.

त्या रांगेत आमच्याच भागात पौरोहित्य करणारे एक वृद्ध गुरुजी उभे होते. त्यांना पाहताच माझ्या मनात 'श्रद्धा विरुद्ध विज्ञान' असा मथळा तयार झाला. जवळ जाऊन मी विचारले, "गुरुजी, तुम्ही इकडे कसे?" ते शांतपणे म्हणाले, "सध्या शुक्राचा अस्त चालू आहे. पंचांग पाहून दोन घरची लग्ने मीच पुढे ढकलायला लावली. ज्या ग्रहाच्या अस्तासाठी लोकांची कार्ये थांबवतो, तो अस्तात असतो तरी कोठे, हे एकदा डोळ्यांनी पाहायला नको का?"

माझा मथळा तेथेच गळून पडला. शुक्र सूर्याच्या इतका निकट येतो की त्याच्या तेजात दिसेनासा होतो, यालाच आपण अस्त म्हणतो. घरोघरी मुहूर्त काढताना उच्चारला जाणारा हा शब्द. त्या दिवशी तो अस्तातला शुक्र कागदावर प्रत्यक्ष उमटला होता. गुरुजींनी तो पाहिला, हात जोडले आणि मागच्या मुलाला वाट करून दिली.

समोरच्या इमारतीत, 'ग्रहणासारखेच काहीतरी असावे' या धास्तीने काही खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. रात्री कार्यालयात परतलो, तर माझी बातमी आतल्या पानावर एका स्तंभात आणि पहिल्या पानावर तीन स्तंभांत बारा राशींची भविष्ये! तो मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडेच आले आणि मी मुकाट्याने तो छापायला सोडला. गुरुजींनी दाखवलेले धैर्य मला दाखवता आले नाही, ही खंत आजही आहे.

आपली परंपरा कोणती?

गुरुजींच्या त्या प्रश्नाला आपल्या शास्त्रात एक नाव आहे: दृक्प्रत्यय. गणिताने काढलेले ग्रहाचे स्थान आणि डोळ्यांना दिसणारे स्थान यांचा मेळ बसला पाहिजे. न बसल्यास गणित सुधारले पाहिजे. ग्रहणे छायेमुळे होतात, हे आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितले. आपल्या कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचले. कोणताही एक सिद्धान्त सर्वस्वी प्रमाण न मानता, ज्या ग्रहासाठी ज्या ग्रंथाचे गणित आकाशाशी जुळते, ते त्यांनी स्वीकारले. पूर्वाचार्यांविषयी त्यांना आदर नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु आकाशाची साक्ष त्यांना अधिक मोलाची वाटली.

पुढे काय झाले? 'ग्रहलाघवा'वरून तीनशेहून अधिक वर्षे पंचांगे निघत राहिली, पण मान वर करून आकाश पाहणारे विरळ झाले. ग्रंथ जपला, ग्रंथकाराची वृत्ती हरवली. १८६५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधाशी जुळणारे शुद्ध पंचांग सुरू केले, तेव्हा त्याला विरोध झाला तो आपल्याच माणसांचा. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक त्या शुद्ध पंचांगाच्या पाठीशी उभे राहिले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिला, तो परंपरेचा कसून शोध घेऊन. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आपल्या विज्ञाननिष्ठ निबंधांतून पोथीनिष्ठेवर प्रहार केले. यांच्यापैकी कोणाच्या देशभक्तीविषयी वा धर्मप्रेमाविषयी शंका घेता येईल?

९ डिसेंबर १८७४ च्या अधिक्रमणाच्या वेळी तर ही परंपरा दोन रूपांत प्रकट झाली. ओडिशातील खंडपाडा संस्थानचे सामंत चंद्रशेखर यांनी बांबूच्या स्वतः बनवलेल्या उपकरणांनी आयुष्यभर वेध घेतले आणि ते अधिक्रमण आपल्या 'सिद्धान्तदर्पण' या संस्कृत ग्रंथात नोंदवले. तिकडे मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी आपल्या देशबांधवांना हा योग समजावा म्हणून अधिक्रमणावर पुस्तिका लिहून इंग्रजी, उर्दू आदी भाषांत प्रसिद्ध केली. हेच रघुनाथाचारी दृग्गणित पंचांगही काढीत असत. एका हाती दुर्बीण आणि दुसऱ्या हाती पंचांग. त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही.

दोन्ही तटांवरचे आंधळेपण

आता आजच्या दोन तटांकडे पाहू. एका तटावर आमचे पुरोगामी मित्र आहेत. खगोलीय घटना आली की त्यांना आकाशापेक्षा हिंदू समाजाची अंधश्रद्धा अधिक स्पष्ट दिसते. ग्रहणात चहा पिऊन दाखवणे म्हणजे विज्ञान, अशी त्यांतील काहींची समजूत आहे. केशव, गणेश, केरूनाना, रघुनाथाचारी ही नावे त्यांच्या भाषणांत येत नाहीत. कारण ती आली, तर 'विज्ञान पश्चिमेकडून आले आणि अज्ञान येथले होते' ही सोपी मांडणी कोसळते. ज्या समाजाला विज्ञान शिकवायचे, त्याला आधी त्याच्याच वारशापासून तोडायचे, या पद्धतीने माणसे विज्ञानाच्या जवळ येत नाहीत. ती खिडक्या अधिकच घट्ट लावून घेतात.

परंतु दुसऱ्या तटावर आपण आहोत आणि कठोर शब्द मुख्यतः आपल्यासाठीच योजले पाहिजेत. 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! काय ठाऊक होते, कोणत्या ग्रंथात, कोणत्या श्लोकात, हे विचारले की आपण गप्प होतो. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न तपासता पुढे धाडणारा हात आकाश पाहण्यासाठी कधी खिडकी उघडतो का? पुराव्याविना केलेली फुशारकी पूर्वजांचा गौरव वाढवत नाही. उलट, त्यांच्या खऱ्या कर्तृत्वाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

ल जांतील या फ्रेंच ज्योतिर्विदाची कथा या संदर्भात मुळातून आठवण्यासारखी आहे. शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून घेतल्यास सूर्याचे अंतर काढता येईल, ही पद्धत हॅलेने १७१६ साली सुचवली होती. त्यासाठी ल जांतील १७६० साली फ्रान्सहून पाँडिचेरीस निघाला. वाटेत कळले की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. १७६१ चे अधिक्रमण त्याला हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावे लागले. वेध व्यर्थ गेले. तो परतला नाही. आठ वर्षे थांबला, पाँडिचेरीत वेधशाळा उभारली आणि ४ जून १७६९ च्या सकाळी नेमके ढग आले. १७७१ मध्ये तो मायदेशी पोहोचला, तेव्हा त्याला मृत समजण्यात आले होते आणि अकादमीतील त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती.

याच ल जांतीलने पाँडिचेरीच्या मुक्कामात तमिळ पद्धतीचे ग्रहगणित शिकून घेतले. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाच्या कालावधीत तमिळ गणिताची चूक ४१ सेकंदांची, तर युरोपीय कोष्टकांची ६८ सेकंदांची, असे त्याने नमूद केले. हा आकडा आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाही. परंतु त्याच्या जोडीने एक प्रश्न स्वतःला विचारावा. गणित आपल्याकडे होते, तर मग एका काळ्या ठिपक्यासाठी अकरा वर्षे घरदार सोडून फिरणारा माणूस फ्रान्सचा का होता? तो आपला का नव्हता?

एका दिवसाची जत्रा

आपल्याकडे संस्था नाहीत, असे नव्हे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झाले. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. पुण्यातील आयुका येथे डॉ. जयंत नारळीकरांनी संशोधनाबरोबर लोकशिक्षणाचीही दारे उघडी ठेवली. या केंद्रांचे कार्यकर्ते रात्री जागवून, पदरमोड करून लोकांना आकाश दाखवतात. दोष त्यांचा नाही. आपल्या वृत्तीचा आहे. अधिक्रमणाच्या दिवशी आपण जत्रेसारखी गर्दी करतो, छायाचित्रे काढतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. कितीतरी शाळांत देणगी म्हणून आलेली दुर्बीण कपाटात कुलूपबंद आहे. भिंग खराब होईल म्हणून मुलांना हात लावू दिला जात नाही आणि शेवटी भिंगावर बुरशी येते!

समाज पाठीशी नसला की काय होते, याचे उदाहरण पुण्यातच आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती एकहाती चालवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनी जेऊर येथे तळ ठोकून घेतले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद पडली. तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर महाराष्ट्राने एक वेधशाळा गमावली.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आपण पेढे वाटले. ते योग्यच होते. परंतु अशा मोहिमा आखणारे वैज्ञानिक आकाशातून पडत नाहीत. लहानपणी कोणीतरी त्यांना मैदानावर नेऊन आकाश दाखवलेले असते.

म्हणून २०३२ चा विचार आजच करावयास हवा. शुक्र सूर्यबिंबाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा दिसला. सुरक्षित गाळणीच्या चष्म्यातूनही तो पाहता आला. बुधाचा ठिपका मात्र सूर्यबिंबाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास असेल. तो चष्म्यातून दिसणार नाही; त्यासाठी दुर्बीण, योग्य गाळणी आणि ती हाताळणारा जाणकार कार्यकर्ता हवा. असा कार्यकर्ता एका दिवसात घडत नाही. प्रत्येक तालुक्याला एक चालती दुर्बीण आणि ती वापरणारे पाच तरुण, एवढा संकल्प आपल्या कार्यकर्त्यांनी करावा. त्याचा खर्च एखाद्या उत्सवातील ध्वनिवर्धकाच्या भिंतीपेक्षा अनेकदा कमीच भरेल.

१३ नोव्हेंबर २०३२ ला शनिवार आहे. पाऊस सरलेला असेल, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असेल. दुपारी बाराच्या सुमारास बुध सूर्यबिंबावर प्रवेश करील आणि साडेचारच्या सुमारास बाहेर पडेल. डोळ्यांना अपाय होऊ नये म्हणून सूर्याकडे थेट पाहू नये, एवढेच भय त्या दिवशी शास्त्राला मान्य आहे. त्यापलीकडचे प्रत्येक भय झुगारून घरातील आजी-आजोबांसह मुलांना मैदानावर न्या. आणि त्या रांगेत एखादे गुरुजी उभे दिसले, तर त्यांना पुढे जागा द्या. गणेश दैवज्ञांचा वारसा अंधाऱ्या खोलीत पडदे ओढून बसलेल्यांकडे राहिलेला नाही. तो त्या रांगेत उभा आहे.