शाल-श्रीफळानंतरचा खेळाडू

उस्मानपुऱ्यात सकाळी सहाच्या सुमारास दोन प्रकारचे तरुण रस्त्यावर दिसतात. एकाच्या खांद्यावर किट बॅग असते. तो गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानाकडे निघालेला असतो. दुसऱ्याच्या पाठीवर पुस्तकांची पिशवी असते. त्याला अभ्यासिकेतील आपली जागा गाठायची असते. पुष्कळदा हे दोघे वेगळे नसतात. दोन वर्षांपूर्वी जो पहिला होता, तोच आज दुसरा झालेला असतो. त्याने निवृत्ती जाहीर केलेली नसते, कारण त्याच्या निवृत्तीची कोणी वाट पाहत नसते. तो फक्त मैदानावर यायचा थांबतो.

खेळाडूच्या निवृत्तीची चर्चा आपल्याकडे होते ती भारतीय संघातील ताऱ्यांपुरती. राज्याच्या संघातून वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांची निवृत्ती क्वचितच बातमीचा विषय होते. असा एक अपवाद २०२४ मध्ये घडला. रणजी हंगाम संपत असताना बंगालचा मनोज तिवारी, झारखंडचे सौरभ तिवारी आणि वरुण आरोन, विदर्भाचा फैज फजल आणि मुंबईचा धवल कुलकर्णी अशा पाच जणांनी निरोप घेतला. वानखेडे स्टेडियमवरील अंतिम सामन्यात विदर्भाचा शेवटचा बळी घेण्यासाठी चेंडू कुलकर्णीच्या हाती देण्यात आला आणि त्या बळीनेच मुंबईने आपले ४२ वे रणजी अजिंक्यपद पूर्ण केले. ज्याच्या नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला, तो फजलही आपल्या नागपूरच्याच मैदानावर थांबला. निरोप देखणे होते, यात शंका नाही. परंतु एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. या पाचही जणांच्या डोक्यावर कधी ना कधी भारताची टोपी चढली होती. फजलच्या वाट्याला तर एकच एकदिवसीय सामना आला, तरी तो आलाच. ज्यांना तोही लाभला नाही, त्यांच्या निरोपाचे काय?

मराठवाड्याला हा प्रश्न अधिक बोचतो. येथील क्रिकेटपटू महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या छत्राखाली येतो आणि मोठ्या संधीसाठी त्याला दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या पुण्याकडे पाहावे लागते. तरीही हा पल्ला गाठणारे निघाले. याच शहरातील इक्बाल सिद्दिकीने महाराष्ट्रासाठी वर्षानुवर्षे नवा चेंडू हाताळला आणि प्रथम श्रेणीत तीनशेहून अधिक बळी मिळवले. डिसेंबर २००१ मध्ये इंग्लंडविरुद्ध मोहालीत त्याला कसोटी मिळाली. दुसऱ्या डावात विजयासाठी अवघ्या पाच धावा हव्या असताना या गोलंदाजाला सलामीला पाठवण्यात आले आणि तो विजय मिळवूनच परतला. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी ठरली. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या बीडच्या संजय बांगरचा मार्ग निराळा होता. त्याने रेल्वेचा संघ जवळ केला, रेल्वेच्या २००१-०२ आणि २००४-०५ मधील रणजी विजयांचा तो भागीदार झाला आणि २०१३ मध्ये निवृत्त होऊन प्रशिक्षणाकडे वळला. पैठणचा अंकित बावणे वयाच्या पंधराव्या वर्षी महाराष्ट्राच्या संघात आला आणि शंभराहून अधिक प्रथम श्रेणी सामने खेळला. भारताच्या वरिष्ठ संघाचे दार मात्र त्याच्यासाठी उघडले नाही.

या तिघांकडे पाहिले की राज्यस्तरीय खेळाडूची कारकीर्द कशावर उभी असते, हे ध्यानात येते. गुणवत्ता तर हवीच. परंतु खेळत राहण्यासाठी पायाखाली जमीन हवी. पूर्वी ही जमीन रेल्वे, बँका, विमान कंपन्या आणि मोठे उद्योग पुरवीत असत. मुंबईची ‘टाइम्स शिल्ड’ स्पर्धा हा कंपन्यांच्या संघांचा मोठा सोहळाच होता. खेळाडू सकाळी सही करून मैदानावर जाई आणि निवृत्तीनंतर त्याच टेबलावर परत येई. पगार थोडा असेल, पण तो तिशीनंतरही चालू राही. उद्योगांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली, तशी ही व्यवस्था विरत गेली.

तिची जागा क्रिकेटमध्ये सामन्याच्या मानधनाने घेतली. २०२१ मध्ये नियामक मंडळाने ठरविलेल्या दरांनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला ६० हजार रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्यास ५० हजार आणि त्याहून नवख्यास ४० हजार रुपये मिळू लागले. गटातील सात चारदिवसीय सामने खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूचे हे मानधन १६ लाख ८० हजार रुपये होते. आकडा मोठा दिसतो आणि तो मोठा आहेही. परंतु हा पगार नाही, रोजंदारी आहे. राखीव खेळाडूला यातले निम्मेच मिळते आणि संघातून वगळले की पुढच्या हंगामात हा आकडा शून्यावर येतो. आयपीएलचा करार असलेल्यांची गोष्ट वेगळी. पण राज्यांच्या संघांतील बहुसंख्य खेळाडूंकडे तो नसतो.

निवृत्तिवेतनाची सोय आहे, असे यावर सांगितले जाईल. ती आहे, पण सर्वांसाठी नाही. २०२२ मध्ये मंडळाने माजी प्रथम श्रेणी खेळाडूंचे किमान निवृत्तिवेतन १५ हजारांवरून ३० हजारांवर नेले, हे स्तुत्यच होते. मात्र ही योजना २००३-०४ च्या आसपास खेळणे थांबविलेल्या पिढीसाठी आखलेली होती. नंतरच्या पिढीला चांगले मानधन मिळते, तेव्हा तिने आपली सोय आपण करावी, असा त्यामागचा विचार. दहा-बारा हंगाम सलग खेळणाऱ्याच्या बाबतीत तो पटतो. तीन हंगाम खेळून दुखापतीने घरी बसलेल्याच्या बाबतीत तो पटणे कठीण आहे.

क्रिकेटबाहेर चित्र आणखी विरळ होते. कबड्डी आणि खो-खोत आजही जिल्हा हाच खेळाडूचा पहिला झेंडा असतो. निवड चाचणी, जिल्ह्याचा संघ, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि तेथून राज्याचा संघ, ही ती शिडी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि काहींचे दैव पालटले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्याच खेळाडूंनी केले. परंतु शिडीच्या वरच्या दोन पायऱ्यांवरचा हा प्रकाश खाली पोहोचत नाही. जिल्ह्याच्या संघातून खेळणाऱ्याला उपजीविका होईल असे मानधन नसते.

या ठिकाणी आयर्लंडमधील एका खेळाचे उदाहरण उद्बोधक ठरावे. गेलिक फुटबॉल हा तेथील देशी खेळ. आपल्याकडच्या कबड्डीसारखाच गावाच्या आणि जिल्ह्याच्या अभिमानाशी जोडलेला. खेळाडू आपल्या काउंटीसाठी खेळतो आणि त्याला पगार मिळत नाही. अंतिम सामन्याला ८० हजारांवर प्रेक्षक येतात, पण दुसऱ्या दिवसापासून खेळाडूला आपल्या कामाकडे वळावेच लागते. डब्लिनच्या ब्रायन फेंटनने सात अखिल आयर्लंड अजिंक्यपदे मिळवून नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, तेव्हा तो देश हळहळला. परंतु फेंटन हा शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. मैदान सुटले, तरी व्यवसाय हाती होता. या खेळाडूंची संघटना १९९९ पासून उभी आहे आणि खेळतानाच शिक्षण व नोकरीचा मार्ग आखून देणे हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक आहे.

विरोधाभास इथेच आहे. तेथील खेळाडू हौशी म्हणवतो, पण थांबतो त्या दिवशी त्याच्याकडे व्यवसाय असतो. आपला खेळाडू व्यावसायिक म्हणवतो, पण थांबतो त्या दिवशी त्याच्या हाती प्रमाणपत्रांची फाइल असते.

त्या फाइलला किंमत यावी म्हणून राज्य शासनाने २००५ मध्ये नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षणाचा निर्णय घेतला. हेतू उत्तम होता आणि अनेक गुणी खेळाडू त्यातून उभे राहिले, हेही खरे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की खेळ हा नोकरीचा जिना ठरला. प्रमाणपत्र हाती आले की मैदान सोडून अभ्यासिका गाठायची, हा शहाणपणाचा हिशेब झाला. त्यासाठी त्या मुलांना दोष देता येणार नाही. दुसरीकडे बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूलाही पडताळणीच्या फेऱ्यांत संशयाने पाहिले जाऊ लागले. खेळणे आणि पोट भरणे यांची सांगड घालण्यासाठी आणलेली योजना त्यांच्यापैकी एकाची निवड करायला लावते, हे तिचे अपुरेपण आहे.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. राज्याच्या संघटनांनी आपल्या पहिल्या वीस-पंचवीस खेळाडूंशी वार्षिक करार केले, तर वगळल्यानंतरचे एक वर्ष तरी सुसह्य होईल. दुखापतीचा विमा खेळणे थांबल्यानंतरही काही काळ चालू ठेवता येईल. खेळत असतानाच प्रशिक्षक, पंच, गुणलेखक किंवा फिजिओ यांचे अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सोय करता येईल. येथील विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, गारखेड्यात क्रीडा संकुल आहे, शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. कमतरता इमारतींची नाही, त्यांना जोडणाऱ्या विचाराची आहे.

निवृत्त खेळाडू ही खर्ची पडलेली वस्तू नव्हे, याचा दाखला अमोल मुझुमदारने दिला आहे. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही भारताची टोपी त्याला मिळाली नाही. २०१४ मध्ये तो निवृत्त झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेल्याला दुसरा डाव मिळाला. जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या कबड्डीपटूकडेही असे सांगण्यासारखे खूप असते. त्याला विचारणारे कोणी नसते.

आपल्या गावोगावच्या सभागृहांत शाल आणि श्रीफळ देऊन खेळाडूंचे सत्कार होतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. त्या शालीची ऊब किती दिवस पुरते, हे सत्कार स्वीकारणारा जाणतो. निरोप गाजावाजाने द्यावा की शांतपणे, हा प्रश्न दुय्यम आहे. अभ्यासिकेच्या वाटेला लागलेल्या त्या तेवीस वर्षांच्या तरुणाने मैदान सोडले ते मन भरल्यामुळे की नाइलाजाने, हे त्याला एकदा तरी कोणी विचारायला हवे. नाइलाजाने सोडणाऱ्यांची संख्या जोवर मोठी आहे, तोवर पदकतालिकेतील आपल्या स्थानाबद्दल हळहळण्यात अर्थ नाही.