डोहाळजेवणाचे पान

मुलुंड-बोरिवलीच्या सभागृहांत भर पावसाळ्यात डोहाळजेवणे थाटाने साजरी होतात. परंतु जिच्या कौतुकार्थ हा समारंभ, तिच्याच पानात सकाळी चिरलेली कोशिंबीर, तासन्‌तास कोमट राहिलेला मसालेभात आणि बाजारी बर्फाचे कोकम सरबत यावे, ही यजमानांची अक्षम्य गफलत होय. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांच्या बाबतीत बहुधा आपोआप ओसरते, मात्र अखेरच्या तिमाहीत तिची बाधा झालेल्या गर्भवतींपैकी शंभरात २० ते २५ जणींचा बळी घेऊ शकते. घाटकोपरच्या खाऊगल्लीतील पाणीपुरीचे डोहाळे लागलेच, तर उकळून गार केलेल्या पाण्यात ती घरीच करून द्यावी. केटररला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये नोंदणी वा परवाना बंधनकारक आहे; तो दाखला पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.