दिवस कापू नका, वर्ष वाटा

दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला मी टोकरखाड्याच्या रस्त्यावर भाजी घ्यायला उतरते, तेव्हा एक देवाणघेवाण रोज बघते. मागच्या चाळीतली नऊ वर्षांची मुलगी शाळेतून घरी येत असते आणि तिचा सात वर्षांचा भाऊ शाळेला निघालेला असतो. रस्त्यात दोघं भेटतात. तो खिशातून खोलीची किल्ली काढतो, तिच्या हातात देतो आणि पळतो. तिची सकाळची शाळा, त्याची दुपारची. बाप यार्नच्या कारखान्यात, आई पॅकिंगला. म्हणजे सकाळभर तो एकटा आणि दुपारभर ती एकटी. त्यांची आई एकदा मला म्हणाली, "क्या करें दीदी, स्कूल भी आधा, घर भी आधा."

शाळेचं नाव मी सांगणार नाही. दोष त्या एका शाळेचा नाही, आणि तिथल्या बाई माझ्यापेक्षा जास्त दमलेल्या असतात. माझं भांडण आहे ते एका सवयीशी. मुलं वाढली की मुलांचा दिवस कापायचा, ही ती सवय. ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की दिवस कापला गेलाय हेच कुणाला आठवत नाही.

मुलं वाढली कशी, हे सिल्वासात राहणाऱ्याला सांगायला नको. करसवलतींमुळे इथे कारखाने आले. मसाट, पिपरिया, खडोली ही गावांची नावं होती, ती बघता बघता औद्योगिक वसाहतींची नावं झाली. २००१ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत जवळजवळ ५६ टक्के वाढ, त्या दशकात देशातली सगळ्यात जास्त. २००१ मध्ये शंभरातली २३ माणसं शहरी भागात राहत होती, २०११ मध्ये ४७. आम्हीही त्यातलेच. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. यजमानांच्या नोकरीपायी इथे आलो आणि इथलेच झालो. कारखान्याला वीज किती लागेल, पाणी किती लागेल, ट्रक कुठून वळतील, याचा हिशेब आधी झाला. कामगार आपली मुलं घेऊन येतील आणि त्या मुलांना बाकं लागतील, हा हिशेब मात्र मुलं दारात उभी राहिल्यावर सुरू झाला. मग कारखान्याकडूनच शिकलो. यंत्र बंद ठेवायचं नाही, शिफ्ट लावायची. मुलांनाही शिफ्ट लावली.

"त्यात काय बिघडलं? मुंबईत पिढ्यानपिढ्या चालतंय," असं मला सांगतात. चालतंय खरं. चालतं म्हणजे काय, ते जरा मोजू या.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. भागाकार केला तर दिवसाला चार तास. सकाळी सात ते बारा ही पाच तासांची शाळा कागदावर या मापात बसते. आता त्या पाच तासांतून प्रार्थना वजा करा, हजेरी वजा करा, जेवणाची रांग वजा करा. दुसरी शिफ्ट दारात उभी आहे म्हणून आवराआवरीची शेवटची दहा मिनिटं वजा करा. कायदा काठावर पास होतो. पण कायद्यानं सांगितलेला आकडा हा किमान होता, आपण त्याला कमाल करून टाकलं. मागे पडलेल्या मुलाला "तू थांब जरा, मी समजावते" असं म्हणायला बाईंकडे जागाच नाही, कारण त्याच बाकावर दुसरं मूल बसायचंय. ग्रंथालयाची खोली केव्हाच वर्गखोली झालेली असते. मैदानावर खेळ सुरू केला तर आत शिकवणाऱ्यांना त्रास. सकाळचं मूल साडेपाचला उठून अर्ध्या पोटी येतं, दुपारचं मूल उन्हातून चालत येतं आणि तीन वाजता पेंगतं. आणि उरलेला अर्धा दिवस? तो किल्लीच्या स्वाधीन.

आता दुसरी बाजू बघा. हीच इमारत, जी दिवसा श्वास घ्यायला मोकळी नसते, ती उन्हाळ्यात आणि दिवाळीत आठवड्यांमागून आठवडे कुलूपबंद असते. रोज जागा कमी आणि वर्षात जागा पडून, असा हा प्रकार. घरात पाहुणे वाढले आणि एक खोली बंद ठेवून सगळ्यांना उभ्या उभ्या झोपायला लावलं, तर आपण त्या गृहिणीला काय म्हणू?

म्हणून मी म्हणते, दिवस कापण्याआधी वर्ष वाटून बघा. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या व्हॅली व्ह्यू नावाच्या शाळा-जिल्ह्यानं ती १९७० साली सक्तीनं राबवली, कारण तिथेही इमारती उभ्या राहण्याआधी मुलं येत होती. रीत साधी आहे. मुलांचे चार गट करायचे. प्रत्येक गट नऊ आठवडे शाळेत, मग तीन आठवडे सुट्टी. गटांच्या सुट्ट्या एकामागून एक लावायच्या, म्हणजे कधीही बघा, तीन गट शाळेत आणि एक घरी. ९०० मुलांच्या इमारतीत १,२०० मुलं पूर्ण दिवस शिकतात, आणि कुणाचं बाक कुणी हिसकावत नाही.

आपल्याकडे हे बसेल का? मी वहीवर मांडून बघितलं. बारा आठवड्यांची चार आवर्तनं म्हणजे ४८ आठवडे. उरलेले चार आठवडे सगळ्यांना सुट्टी, तीन मे महिन्यात आणि एक दिवाळीत. प्रत्येक मुलाच्या वाट्याला शाळेचे ३६ आठवडे येतात. आपला आठवडा सहा दिवसांचा, म्हणजे २१६ दिवस. त्यातून सणावाराच्या १६ सुट्ट्या काढल्या तर बरोबर २००. पहिली ते पाचवीला पुरतात. सहावी ते आठवीला कायदा २२० दिवस मागतो, तिथे हे गणित तुटतं. म्हणून मी हे फक्त लहान वर्गांसाठी मागते आहे. औषध कुठल्या रोगावरचं आहे ते आधीच सांगितलेलं बरं.

आणि जे अडचणीचं आहे तेही सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्याच तोंडावर फेकेल. वर्ष वाटलं तर इमारतीत तिसरा हिस्सा मुलं जास्त मावतात. शिफ्ट लावली तर दुप्पट. ९०० च्या इमारतीत शिफ्टनं १,८०० कोंबता येतात, वाटणीनं १,२०० च. ६०० मुलं उरतात. तीसचा वर्ग धरला तर वीस खोल्या कमी पडतात. साहेब लोक इथेच हात झटकतात. "बघा, तुमची योजना अपुरी!" अहो, अपुरी योजना नाही, अपुऱ्या खोल्या आहेत. शिफ्टनं त्या झाकल्या होत्या. दिवस कापला की टंचाई मुलांच्या पोटात जाते आणि कागदावरून पुसली जाते. वर्ष वाटलं की ती वीस खोल्यांच्या रूपानं टेबलावर येते, मोजता येते, मागता येते. मला तर हाच त्या रीतीचा मोठा गुण वाटतो. आणि जिथे अजून शिफ्ट लागलेली नाही, पट नुसता फुगत चाललाय, तिथे वर्षाची वाटणी शिफ्टला दाराबाहेर थांबवू शकते. बांधकाम होईपर्यंतचा वेळ ती मिळवून देते.

पण थांबा. हीच रीत गरिबांच्या मुलांवर उलटलेलीही आहे. लॉस एंजेलिसमध्ये, जिथे स्थलांतरितांची वस्ती दाट होती तिथल्या शाळांत, तीन गटांची एक पद्धत चालवली. तिला 'कन्सेप्ट सिक्स' म्हणत. त्यात जागा जास्त वाचत होती, पण मुलांना १८० ऐवजी १६३ च दिवस मिळत. दिवस थोडा लांबवून मिनिटांचा हिशेब जुळवला, की झालं. हंगामी सोय म्हणून आली आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली. शेवटी २००० साली विल्यम्स नावाचा खटला कॅलिफोर्निया राज्यावर भरला गेला. २००४ मध्ये तडजोड झाली आणि ही पद्धत २०१२ पर्यंत बंद करायचं ठरलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक काउंटीत सक्तीच्या वाटणीविरुद्ध पालक कोर्टात गेले. २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शाळा मंडळाच्या बाजूनं निकाल दिला. मंडळ जिंकलं, पण पालकांचा राग खोटा नव्हता. एक मूल सुट्टीवर आणि दुसरं शाळेत असेल, तर घर कसं चालवायचं?

म्हणून माझ्या अटी आहेत, आणि त्या सोडून मला ही योजना नको. २०० दिवसांत एकही कमी नाही. सख्खी भावंडं एकाच गटात. गट माध्यमावरून पाडायचे नाहीत. आपल्याकडे गुजराती, हिंदी, इंग्रजी, मराठी अशी माध्यमं शेजारी शेजारी नांदतात. लहान तुकडीला, म्हणजे बहुतेक वेळा आमच्या मराठीला, उरलेला गट चिकटवायचा, हे चालणार नाही. वारली, धोडिया, कोकणा घरांतल्या मुलांनाही गट निवडायचा तेवढाच हक्क. शिपाई, क्लार्क, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका यांचं काम ४८ आठवड्यांचं होईल, तर त्यांना त्याचे पैसे आणि मदतीला माणूस. आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे योजना ज्या दिवशी सुरू होईल त्याच कागदावर ती बंद व्हायची तारीख आणि नव्या खोल्यांचा आकडा.

"पण एप्रिलच्या उन्हात मुलं शाळेत?" ही हरकत मला खरी वाटते. पंखे, पिण्याचं पाणी, झाडाची सावली नसेल तर नकोच. पण हरकत घेणाऱ्यांनी एकदा त्या चाळीतली पत्र्याची खोली दुपारी दोन वाजता आतून बघावी. सुट्टीत मूल कुठे असतं, हे ठाऊक असल्याशिवाय सुट्टीची बाजू घेऊ नये.

"आपल्याकडे कॅलेंडर असं हलत नसतं," असंही म्हणतात. का नाही? विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनमध्ये उशिरानं उघडतातच की. हिमाचलच्या बर्फाळ भागात मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. माझ्या माहेराकडे उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. बीडकडून तोडकरी येतात, बरोबर मुलं येतात, आणि गावाकडच्या हजेरीपटावर ती मुलं गैरहजर पडतात. त्यांच्यासाठी कारखान्यावर साखरशाळा काढाव्या लागल्या, कारण पट जागचा हलेना आणि मुलं थांबेनात. इथेही तेच. छठला बिहारकडची कुटुंबं गावी जातात, मूल तीन आठवडे बुडवतं, परत येतं ते मागे पडूनच. त्याच्या गटाची सुट्टी तेव्हाच असती तर? शैक्षणिक वर्ष कसं आखायचं हे ठरवणं आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं, ही दोन्ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमानं स्थानिक प्राधिकरणावर सोपवली आहेत. हात बांधलेले नाहीत.

आमच्या घरी चातुर्मास पाळतात. लहानपणी मी आईला विचारलं होतं, मुनिमहाराज पावसाळ्यात विहार का थांबवतात? ती म्हणाली, पावसात जमिनीवर बारीक जीव फार असतात, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून. वर्षाची आखणी करताना सगळ्यात लहान कोण आहे ते आधी बघायचं, एवढं मला तेव्हा कळलं. शाळेचं वेळापत्रक आखताना आपण कुणाकडे बघतो? इमारतीकडे, बजेटकडे, बसच्या फेऱ्यांकडे. मूल येतं ते उरलेल्या जागेत.

कालही सव्वाबाराला ती दोघं भेटली. त्यानं खिसे चाचपले, किल्ली नव्हती, आत राहिली होती बहुतेक. त्याला उशीर होत होता, तो शाळेकडे पळाला. ती माझ्याकडे आली. "आंटी, पाच बजे तक इधर बैठूँ?" म्हणाली. बस म्हटलं. तिनं दप्तर उघडलं आणि ओट्यावर बसून गणितं करायला लागली. एक गणित अडलं. बाईंना विचारलं नाहीस का, असं मी म्हणाले. "टाइम नहीं था," ती म्हणाली. "दूसरे बच्चे आ गए थे."