‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘खोटे’ नव्हे!

बातमीतल्या चुकीच्या शब्दावर आम्ही बोट ठेवले की उत्तर ठरलेले असते : “तुम्हाला सगळीकडे जातच दिसते.” मग आमचा एकच सवाल आहे. चूकच असेल तर ती दर वेळी एकाच बाजूला कशी झुकते?

वस्तीवर चालून आलेल्यांच्या हल्ल्याची ‘दोन गटांत हाणामारी’ होते. आमचा पोरगा मात्र आरोपी असतानाच ‘दंगलखोर’ ठरतो. आणि ॲट्रॉसिटीच्या खटल्यात पुराव्याअभावी कुणी सुटला की मथळा येतो, ‘खोटी ॲट्रॉसिटी’!

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरले. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली, पण दोष कायम ठेवला. ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे मात्र टिकली नाहीत. मग ते चार मृतदेह खोटे होते काय? फिर्याद खोटी असणे वेगळे आणि तपास, पुरावा कमी पडून आरोप सिद्ध न होणे वेगळे.

हा घोळ किती महागात पडतो? २० मार्च २०१८ रोजी ‘गैरवापरा’चे कारण देत सर्वोच्च न्यायालयाने तात्काळ अटकेवर बंधने घातली. तो खटला महाराष्ट्रातलाच होता. २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले.

शब्द कुणाच्या हातात आहे, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि ‘गझनफर’चे संपादक कुर्बान हुसेन इंग्रजांच्या दप्तरी खुनी होते. आज त्यांच्या नावाचा चौक आहे. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ उगाच काढला नव्हता.

म्हणून नुसते स्टेटस ठेवून भागणार नाही. कात्रण ठेवा, निकालपत्र मिळवा, चुकीचा शब्द अधोरेखित करून संपादकाला लेखी कळवा. दुरुस्ती छापली नाही, तर दैनिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे तक्रार करा. आम्हाला बातमीत सहानुभूती नको. निकालात जो शब्द आहे, तोच मथळ्यात हवा.

जय भीम!