आधी गळती थांबवा, मग चुना लावा!

बेंगळुरूत सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. क्वार्टरच्या भिंती ओलीने काळ्या पडतात आणि प्रशासन काय करते? बुरशीवरच चुना फासते! महिनाभरात बुरशी पुन्हा वर. ओलसर घरात खोकला, धाप, दमा बळावतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच बजावले आहे. मेलेल्या बुरशीचे कणही त्रास देतात. म्हणून ती कोरडी खरवडू नका, मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा. पण गळके छत, फुटका पाइप आपण पुसायचा कसा? घरभाडे भत्ता बंद, वर पगारातून लायसन्स फी कापली जाते. मग दुरुस्ती कोणाची जबाबदारी? लेखी तक्रार द्या, पोच घ्या, प्रत युनियनकडे आणा. भिंत आणि छाती दोन्ही कोरड्या हव्यात!