साठी, बुद्धी आणि मज्जापेशी

काही म्हणी अनुभवातून येतात, तर काही नुसत्या सवयीने जिभेवर रुळतात. 'साठी बुद्धी नाठी' ही दुसऱ्या जातीची म्हण होय. घरातील वडीलधारे माणूस तोच प्रश्न चौथ्यांदा विचारू लागले, ओळखीच्या पाणंदीत वाट चुकले अथवा सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागले, की ही म्हण पुढे होते आणि चर्चा तेथेच संपते. म्हातारचळ म्हणायचे आणि सोडून द्यायचे, अशी आपली रीत आहे. या रीतीने एका दुर्धर व्याधीला वृद्धत्वाचा मुखवटा मिळाला आहे. तो दूर करण्याची वेळ आली आहे, नव्हे, ती केव्हाच येऊन गेली आहे.

म्हणीचा खोटेपणा सिद्ध करण्यास दोन गोष्टी पुरेत. जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात १९०१ साली डॉ. आलोइस अल्झायमर यांच्यासमोर ऑगुस्त डेटर नावाची जी स्त्री आली, तिचे वय होते अवघे ५१. स्वतःचे नाव लिहिता लिहिता ती विसरून जाई. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपली निरीक्षणे ट्यूबिंगेन येथे सहव्यवसायींपुढे मांडली. १९१० साली क्रेपेलिन यांनी या विकाराला त्यांचे नाव दिले. अर्थात, या रोगाच्या पहिल्या नोंदलेल्या रुग्णाने साठी पाहिलीच नव्हती. दुसरी गोष्ट आपल्याच देशातील. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख भरते. ती लहान नाही; परंतु शंभरातील ९२ जणांची बुद्धी शाबूत राहते, हेही तीच पाहणी सांगते. जे शंभरात सात-आठांना होते, तो वयाचा धर्म कसा म्हणावा? तो रोगच होय. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक असली, तरी त्यांत अल्झायमरचा वाटा सर्वांत मोठा आहे.

हा रोग मेंदूत नेमके काय करतो? अल्झायमर यांना दोन खुणा दिसल्या होत्या: मज्जापेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता. गोळे कशाचे, हे कळण्यास १९८४ साल उजाडावे लागले. ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड-बीटा नावाचे प्रथिन वेगळे काढले. पेशीच्या आवरणातील एका मोठ्या प्रथिनाचे चुकीच्या जागी तुकडे पडतात, ते तुकडे एकमेकांस चिकटतात आणि त्यांचे थर जमतात. आतला गुंता टाऊ या प्रथिनाचा. मज्जापेशीच्या लांब तंतूतून अन्नद्रव्यांची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. त्या लोहमार्गाचे रूळ मानल्या, तर टाऊ हे त्यांना जागेवर धरून ठेवणारे आडवे स्लीपर होत. रोगात हे स्लीपर निखळून एकमेकांत गुरफटतात, रूळ विस्कटतात आणि वाहतूक ठप्प होते. प्रथम दोन पेशींमधील सांधे तुटतात, मग पेशी मरते. मेंदूतील सफाई करणाऱ्या पेशी कचरा उचलण्यासाठी धावून येतात खऱ्या. परंतु दीर्घकाळ चेतलेल्या राहिल्या, की त्याच निरोगी सांध्यांवरही घाला घालतात. नव्या आठवणी साठविणारा कानशिलाच्या आतला भाग या विध्वंसास आधी बळी पडतो. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न तपशीलवार आठवते आणि सकाळची न्याहारी आठवत नाही.

या संशोधनाने दिलेला सर्वांत महत्त्वाचा धडा काळासंबंधीचा आहे. विस्मरण प्रकट होण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे ही पडझड सुरू झालेली असते. सत्तरीत दिसणारा रोग पन्नाशीत बीज धरतो. मेलेली मज्जापेशी पुन्हा उभी करता येत नाही. तेव्हा उपाय हवा तो हानी होण्याआधी. अमेरिकेत २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना मान्यता मिळाली. ती अमायलॉइडचे थर काढून टाकतात, पण गेलेली स्मृती परत आणीत नाहीत. लेकानेमॅबच्या दीड वर्षाच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला, एवढेच. शिवाय मेंदूस सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका असतो, तो ओळखण्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो. विज्ञानाच्या या क्षेत्रात मोहाचे प्रसंगही आले. अमायलॉइडसंबंधी गाजलेला २००६ सालचा एक शोधनिबंध, त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचे उघडकीस आल्यावर, २०२४ साली मागे घ्यावा लागला. एका निबंधाने सारा सिद्धांत कोसळत नाही. पण चमत्काराची घाई करू नये, हे त्यावरून शिकावे.

आपल्याकडेही या विषयात काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत टाऊचा गुंता कसा बनतो व कोणत्या द्रव्यांनी तो रोखता येईल, याचा अभ्यास झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अमायलॉइडचे रेणू एकत्र येऊन घातक कसे ठरतात, याचा शोध घेतला गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने तर कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळीस वर्षांवरील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास २०१८ पासून हाती घेतला. हजारो निरोगी माणसांची वर्षानुवर्षे तपासणी करून कोणाची स्मृती टिकते, कोणाची ढळते आणि का, हे त्यातून पाहावयाचे आहे. या रोगाविषयीचे बहुतेक ज्ञान पाश्चात्त्य, सुशिक्षित, शहरी माणसांच्या मेंदूंवरून आलेले असल्याने अशा अभ्यासाचे मोल मोठे आहे.

योगायोग असा, की श्रीनिवासपूरही आंब्याचाच मुलूख आहे. मग हापूसच्या देवगडचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली: ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. तरुण मुंबईस गेले, घरे वृद्धांच्या हाती राहिली. वर सांगितलेल्या पाहणीत शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. आमच्या वाड्यावाड्यांतून मागे राहिलेले माणूस कोण, याचा विचार केला म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. चाकरमानी चतुर्थीला येतो, मे महिन्यात येतो. एरवी दूरध्वनीवर 'सगळां बरां आसा' एवढेच ऐकतो. रोगाचा पहिला घाव मात्र रोजच्या व्यवहारावर पडलेला असतो. कलमांवर फवारणी झाली की नाही हे आठवत नाही, औषधाचे प्रमाण चुकते, बागेच्या करारावर दुसऱ्यांदा सही होते, विजेचे बिल दोनदा भरले जाते किंवा भरलेच जात नाही. यांतील आर्थिक फसवणुकीचा धोका कमी लेखता येणार नाही.

मग करावयाचे काय? देवगडला मज्जाविकारतज्ज्ञ नाही म्हणून हात बांधून बसावे काय? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील दोन तालुक्यांत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८१ कुटुंबांचा समावेश होता. त्यांपैकी ४१ कुटुंबांकडे प्रशिक्षित गृहसेवा-सल्लागार जात. हे सल्लागार डॉक्टर नव्हते. उच्च माध्यमिक शिक्षण झालेली, स्थानिक भाषा जाणणारी माणसे होती. रोग म्हणजे काय, चिडलेल्या रुग्णाशी कसे वागावे, शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःस कसे सांभाळावे, हे ती समजावीत. तज्ज्ञ पाठीशी असत. परिणामी शुश्रूषा करणाऱ्यांचा मानसिक ताण लक्षणीय घटला. येथील रुग्ण एरवी उपचारासाठी बांबोळी गाठतात. तेव्हा बांबोळीच्या वाटेवरून हा विचारही इकडे आणावा.

दुसरा उपाय प्रतिबंधाचा. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा धोके मोजून सांगितले, की जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता वा लांबविता येण्याजोगा आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याची दुखापत यांबरोबर बहिरेपण, उपचार न झालेले अंधत्व आणि एकाकीपणही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र, रक्तदाबाची गोळी यांस संशोधनशाळा लागत नाही. शिवाय विस्मरणाची काही कारणे बरी होण्याजोगी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा बिघाड वा नैराश्य यांमुळेही माणूस विसराळू होतो. साध्या रक्तचाचणीने जे कळले असते, ते म्हातारचळ म्हणून सोडून दिले, तर तो अक्षम्य अपराध ठरेल.

शासनाने याची दखल मुळीच घेतलेली नाही, असे नव्हे. आशा सेविका घरोघर भरून घेतात त्या आरोग्य-पत्रकात साठीपुढील व्यक्तीस जवळच्यांची नावे अथवा घराचा पत्ता विसरता काय, असा प्रश्न आहे. प्रश्न उत्तम आहे. पण 'होय' या उत्तरापुढे काय, हाच खरा प्रश्न होय. त्या एका उत्तराने ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणी आणि स्मृतिचाचणी व्हावी, आणि चाचणी मालवणी बोलणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या आजीलाही समजेल अशी असावी. ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या गावी स्मृतिचिकित्सा घ्यावी. गोव्याच्या धर्तीवर गृहसेवा-सल्लागार तयार करावेत. श्रीनिवासपूरसारखा अभ्यास या किनाऱ्यावर उभारण्याची मागणीही महाविद्यालयाने करावी.

ओळख पुसली गेली तरी माणूस उरतो, हे 'अस्तु' या २०१३ सालच्या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या शास्त्रीबुवांकडे पाहताना मराठी प्रेक्षकाला उमगले होते. पडद्यावर जी सहृदयता आपण दाखविली, ती स्वतःच्या ओसरीवर दाखविणे अवघड का जावे? मज्जापेशी वाचविण्याचे औषध प्रयोगशाळा शोधतील तेव्हा शोधतील. तोवर आपल्या हाती एवढे निश्चित आहे, की विसरणाऱ्याला हसण्याऐवजी दवाखान्यात न्यावे, आणि ती म्हण आता आपणच विसरावी.